उतरवायची राहिलेली माणसं

२० नोव्हेंबर १९३६, बारामती

पोचलो एकदाचं. दौंडापास्नं छोटी गाडी, चालती कमी आन थांबती जास्त. पण ऊन कोवळं हुतं, डब्यात भांडण न्हाय, आन माझ्या बायकूनं, द्वारकानं, दशम्या बांधून घेतलेल्या. वेळ बरा गेला.

ठेसनावर सर्जेराव ड्रायव्हर न्यायला आल्ता, त्यो बी थेट बंबाची लॉरी घेऊन. ट्रंक मागं टाकली, द्वारकाला म्होरं बसवलं, आन भोंगा वाजवत बाजारातनं काढली. लोक दारात आले, कुठं पेटलं म्हणून. सर्जेराव ओरडून सांगतोय, पेटलं न्हाय, विझवणाऱ्याचं वऱ्हाड आलंय. द्वारका पदर दातात धरून हसत बसली. असली हसलेली मी लई दिसांत बघितली न्हवती. फुकट भोंगा वाजवायचा न्हाय म्हणून मी त्याला तितंच सुनावलं. बरं जमादार, उद्यापास्नं, म्हणला. गडी बरा दिसतोय.

खोली बंबखान्याला लागून हाय. पत्र्याची, पण मागं कालव्याची चारी, पाणी दाराशी. द्वारकानं आल्याआल्या चूल मांडली.

काम समजून घेतलं. कालवा आल्यापास्नं हितं ऊसच ऊस, आन ऊस म्हणलं की गुऱ्हाळ, पाचट आन जाळ. म्हणून गुळाच्या अडत्यांनी मिळून बंब घेतला. पण आगीपरास माणसंच जास्त. कोण भाजतंय, कुणाचा हात चरकात जातोय, कोण हिरीत पडतंय. तवा दवाखान्याच्या डाक्टरानं सांगितलं की बंब रिकामा माघारी येतो, त्यापरीस माणूस घालून आणा. मंग पाण्याच्या टाकीशेजारी एक लांब फळी ठोकली आजाऱ्याला निजवायला. आग आन आजारी, दोन्हीला एकच घंटा. म्हणून मला बोलावलं. मी लढाईत, समिंदरापार बसऱ्याकडं, जखमी उचलायच्या टोळीत हुतो, मंग पुण्यात बंबावर. लिहायला पलटणीतच शिकलो. तवापास्नं रोज दोन ओळी खरडायची खोड हाय, दुसरं काय न्हाय.

खरं म्हंजी आलो ते छबूपायी. चार लेकरांतली तेवढीच एक राहिली. वरकुट्याला दिलीया, इंदापूरच्या अंगाला. गेल्या साली तिची पहिली खेप. अडली. बैलगाडीतनं आणताना चाक चिखलात बसलं आन लेकरू पोटातच गेलं. आता परत दिवस हायत, शिमग्याच्या आसपास मोकळी हुईल. ह्या बारीला बैलगाडी न्हाय. ह्या बारीला तिच्या बापाची लॉरी हाय.

२८ नोव्हेंबर

बंबखाना लावून घेतला. नळ्या वाळत टाकायची बोंब हुती, कुठंबी लोळायच्या. आता खुंटीवर. बादल्या भरलेल्या, घोंगड्या भिजवायला तयार, फळीखाली कापडाच्या पट्ट्या आन खोबरेल. सर्जेराव म्हणतो, जमादार, एवढी टापटीप बघून आग लाजंल.

दुसरा गडी म्हस्कू. धनगर, सुप्याकडचा. दुष्काळात मेंढरं गेली तवा बंबावर आला. बोलतो कमी, उचलतो भरपूर. माझ्याच वयाचा आसंल.

काल पहिली वर्दी. कालव्याकडच्या गुऱ्हाळाला पाचट पेटलेली. तासाभरात दाबली. एका बाईचा हात भाजलेला, तिला घेऊन आलो. रडारड करत हुती. मी माझ्या रीतीनं सांगितलं, डोळं मिटू नको, मी तुला दवाखान्यात पोचवतो. गप झाली. माणसाला एवढंच लागतं. ठामपणानं सांगणारा कोणतरी पायजे. बाकी हाय हाय करून कुणाचं भलं हुत न्हाय.

छबूला निरोप धाडला, लॉरी बघशील तर बसावंसं वाटंल. उलटा निरोप आला की सासू म्हणती आत्ता न्हाय, आठव्यात तर हलवायचंच न्हाय, नवव्यात धाडू. बरं.

९ डिसेंबर

आज मला राग आला. लिहून टाकतो.

गेणबा म्हणून गुळव्या, उकळत्या रसाच्या काहिलीत कमरेपातूर गेला. भिजलेल्या चादरीत घेतला. वाटंनं सारखा विचारत हुता, दवाखाना आला का. आला, ह्यो काय आला, म्हणलं. मी पोचवतो तुला. कऱ्हेच्या पुलाच्या अलीकडं विचारायचं थांबला.

दवाखान्यापुढं लॉरी थांबली. मी उचल म्हणलं तर म्हस्कू हालंना. त्यानं तांब्याभर पाणी रस्त्यावर वतलं, पागोटं काढलं, लॉरीच्या मागं उभा राहिला आन म्हणला, गेणबा, बाबा तू गेलास. आलं आपलं ठिकाण, उतर. आन उभाच. सर्जेराव बी उभा. कंपाउंडर बी उभा. मला म्हणत्यात, जरा दम धरा.

टाकी रिकामी, दुसरी वर्दी कवाबी यील, आन ही मेल्यासंगं गप्पा मारत्यात. मी म्हस्कूला बाजूला सारलं आन स्वता उचलला.

मागनं म्हस्कूला विचारलं, काय थेर हाय ह्ये. त्यानं सांगितलं. तिरडी चालत जाती. शिवंवर टेकवत्यात, विसावा घेत्यात, म्होरलं माणूस मागं आन मागलं म्होरं हुतं. तवा मेल्याला कळतं की आपलं इतनं म्होरं काय न्हाय. लॉरी कुठल्याच शिवंला थांबत न्हाय, धा गावं मागं टाकती. पळत्या गाडीत जीव गेला तर माणसाला गेल्याचं कळत न्हाय. कुणीतरी नावानं सांगाय पायजे. मंग गाडी हलकी हुती, कळतं. तवा अंग उचलायचं.

मी म्हणलं, लढाईत मी शेकड्यानं उचलले, कुणाला उतर म्हणलं न्हाय. म्हस्कू म्हणला, ती पायी नेलेली, महिपतराव. ह्यास्नी गाडीनं आणल्यात.

म्हणलं, उद्यापास्नं बंद.

२२ डिसेंबर

सुप्याकडं हिरीत साखरबाई म्हणून बाई पडली. दोर लावून मीच उतरलो. जित्ती निघाली, पण छातीत पाणी. मोरगावच्या म्होरं गेली. दवाखान्यापुढं थांबल्याबरोबर उचलली, आत दिली, टाकी भरली. सगळं झटक्यात. डाक्टर म्हणला, जमादार, असा झपाटा मी बघितला न्हवता.

म्हस्कू तांब्या हातात घेऊन उभा हुता. म्या बघितलं तसा त्यानं पाणी पिऊन टाकलं.

४ जानेवारी १९३७

लॉरी बसलीया मागनं. टाकी वतून रिकामी केली तरी बसलेलीच. मिस्त्रीला दावली. स्प्रिंगा नव्या हायत, कायबी झालं न्हाय, म्हणतो. चढाला दम खाती. सर्जेराव म्हणतो, अडत्यांनी चोरून गुळाच्या ढेपा लपवल्यात का मागं.

आन फळी वाळत न्हाय. पायथ्याकडची बाजू सारखी वली. ऊन एवढं कडक. टाकी गळत असंल म्हणून डांबर लावून घेतलं.

छबूला सातवा सरत आला. द्वारका डिंकाचं लाडू वळतीया. खोलीत तुपाचा वास.

१६ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला डाक्टराकडं गेल्तो, तितंच वर्दी आली. लोणी भापकरला धोंडाबाई म्हणून म्हातारी माळवदावरनं पडली, मांडी मोडली. शुद्धीवर, तोंड लई चालू. मी मागं तिच्याशेजारी बसलो. वाटंनं म्हणती, एवढ्याशा गाडीत एवढी माणसं कशाला कोंबलीस रं.

म्हणलं, मावशी, मी आन तू, दोघंच.

तर मलाच शिव्या घातल्या. म्हणती, माझ्या पायाशी ही बाई वल्या लुगड्यानं बसलीया, तिला जरा सरकाय सांग, माझा पाय गारठला. आन त्यो भाजलेला सारखा मला काय विचारतोय, दवाखाना आला का, दवाखाना आला का. मला काय ठावं. तुला सांगता येत न्हाय का त्याला, तू जमादार ना.

म्हातारीला ताप न्हवता. मी हात लावून बघितला.

१७ जानेवारी

फळी काढून नवी बसवली.

१९ जानेवारी

नवी फळी वली.

२४ जानेवारी

दुपारी सर्जेराव जेवाय गेल्ता. मी एकटा लॉरीत मागं चढून बसलो. उघड्या उन्हात, रस्त्यावर माणसं येत जात हुती. मनात आलं, बसून बघू, काय हुतंय.

कायबी दिसलं न्हाय. पण बसाय जागा न्हवती. रिकाम्या फळीवर मला जागा न्हवती. बाजारच्या मोटरीत बसल्यावानी खांद्याला खांदा लागत हुता. एका अंगाला धग, एका अंगाला गारवा. आन कानाशी, दमलेल्या माणसाच्या आवाजात, अगदी अदबीनं, जमादार, आला का दवाखाना.

मी उतरलो. पाय धड टेकला न्हाय, घोटा लचकला.

म्हस्कूला बोलावलं. जे बंद केलं ते चालू कर म्हणलं. सर्जेराव जेवून आला. लॉरी दवाखान्यापुढं नेली, म्हस्कूनं पाणी वतलं, दोघांची नावं घेतली. उतरा म्हणला. लॉरी हलकी झाली न्हाय.

म्हस्कू म्हणला, अंग हुतं तवा सांगून दम धरला असता तर ऐकलं असतं. आता ती तुमच्या बोलावर बसल्यात. तुमी पोचवतो म्हणलाव. तुमीच सांगा.

मी उभा राहिलो आन कवायतीच्या आवाजात म्हणलं, गेणबा, उतर. साखरबाई, उतर.

म्हस्कू खाली बघत म्हणला, हुकुमानं कोण मरत न्हाय जमादार. गेलास म्हणून सांगाय लागतं. आपल्या माणसाला सांगावं तसं.

मला तसं बोलता येत न्हाय. कवा आलंच न्हाय. माझी तीन गेली तवा बी द्वारका रडली आन मी लाकडं आणाय गेलो.

२ फेब्रुवारी

सोपान. बावीस-तेवीसचा गडी, चरकात पंजा गेला. पंजाच. असलं शंभर बरं झाल्यालं बघितल्यात. घट्ट बांधला, रक्त थांबलं, वाटंनं माझ्याकडं तंबाखू मागितली. मंग म्हणाय लागला, जरा सरका की, दम कोंडतोय. कुणी सरकलं न्हाय. मी त्याला उचलून माझ्या मांडीवर घ्यायला बघत हुतो. माझ्या हातावर कुणाचं तरी वजन. हात वर येईना.

डाक्टर म्हणतो धक्क्यानं गेला. पंज्याच्या धक्क्यानं.

म्हस्कूनं लगीच पाणी वतलं, नाव घेतलं, सांगितलं. सोपान बी उतरला न्हाय. म्हस्कू म्हणतो, आधीची बसल्यात म्हणून त्योबी बसलाय. एक उठल्याबिगर दुसरं उठत न्हाय. सगळ्यास्नी वाटतंय गाडी पोचलीच न्हाय.

सर्जेराव आता चेष्टा करत न्हाय.

५ फेब्रुवारी

वरकुट्याला माणूस धाडला. निरोप असा की लॉरीची वाट बघू नका. काय झालं तरी लॉरी बोलवू नका. बैलगाडीनं आणा, आत्ताच आणा, आठवा असला तरी.

जावयाचं उत्तर आलं. आबा, तुमीच लॉरी लॉरी म्हणत हुताव. आई आठव्यात हलवू देत न्हाय. नवव्यात लॉरी धाडा.

द्वारकाला वरकुट्याला धाडलं. कशाला एवढी घाई, म्हणाली. सांगितलं न्हाय. लाडवाचा डबा मांडीवर घेऊन बैलगाडीत बसली. वळून बघत हुती.

११ फेब्रुवारी

अडत्यांना म्हणलं, दुसरी गाडी बघा. का म्हणून विचारलं. काय सांगू? स्प्रिंगा, म्हणलं. त्यांनी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणला स्प्रिंगा नव्या हायत.

आजाऱ्यांना आता घोंगडीच्या झोळीत घालून चालत आणतो. एक गेला वाटंत. शिवंवर टेकवला. नीट गेला.

लॉरी बंबखान्यात उभी. सकाळी झाडाय गेलो की आतनं अदबीनं इचारत्यात. मी झाडू टाकून बाहेर येतो.

१९ फेब्रुवारी

जावई सायकल हाणत आला. छबूला कळा. दिवस भरलं न्हाईत. काल दुपारपास्नं. मूल आडवं हाय, सुईणीनं हात टेकलं. बैलगाडीनं आणली तर दिवस जाईल आन ती तेवढी टिकायची न्हाय. डाक्टराची मोटर मोडून पडलीया. प्रवाशांची सर्व्हिस मोटर उद्या.

जावई लॉरीकडं बघतोय.

डाक्टर म्हणतो, तितं येऊन हुणारं काम न्हाय, हिकडं आणलीस तर वाचंल.

सर्जेरावानं न इचारता गाडी चालू केली.

१९ फेब्रुवारी, लॉरीत

वरकुट्यास्नं निघालो. पेन्सिलीनं लिहितोय. हाताला काम पायजे म्हणून लिहितोय.

टाकीतलं सगळं पाणी तितंच सोडलं. जावयाला म्होरं बसवला. छबूला आणायच्या आधी एकटा मागं चढलो. हात जोडलं. म्हणलं, बाबांनो, माझं एवढंच हाय. जागा द्या. हिला पोचू द्या, मंग तुमच्या एकेकाच्या दारात मी स्वता येतो, तुमास्नी सोडतो, पाया पडतो.

स्प्रिंग कुरकुरली. फळी मोकळी झाली. सरकली सगळी. कडंला, दाटीवाटीनं. भली माणसं हायत.

निमगाव मागं पडलं. द्वारका उशाशी. छबूचं डोळं उघडं. म्हणती, आबा, ही मावशी कोण. माझा हात धरून बसलीया. लई गार हात हाय, बरं वाटतं.

द्वारका माझ्याकडं बघती.

लासुर्णं. मूल आपणच फिरलं. झालं. पळत्या गाडीत. पोरगी. रडली. द्वारकाच्या पदरात हाय. जित्ती.

रक्त थांबत न्हाय. कापड संपलं. माझं धोतर फाडून — दाबून धरलंय दोन्ही हातांनी, मधी मधी सोडून लिहितोय, कशाला लिहितोय —

तिला म्हणलं, डोळं मिटू नको. मी तुला दवाखान्यात —

म्हणून बसलो. तेच म्हणून बसलो.

सणसर. छबू गप.

पोरगी रडतीया. द्वारका रडत न्हाय.

बारामती दिसली. चढ न्हाय तितं लॉरी दम खाती. मघाशी खात न्हवती. सर्जेरावानं मागं वळून बघितलं. त्याला वजनावरनं कळलं.

दवाखाना. द्वारका आन जावई पोरीला घेऊन आत गेली. डाक्टर पोरीला बघतोय. बरी हाय म्हणं. लहान हाय पण बरी हाय.

म्हस्कू लॉरीच्या मागं उभा. पागोटं काढलेलं. त्यानं पाणी वतलंय. नाव घेईना. म्हणतो, महिपतराव, बापानं सांगावं. पोरीला तुमी सांगा, पोरी तू गेलीस म्हणून. ती उतरंल. तिच्या मागनं सगळी उतरत्याल. वाट बघत्यात बिचारी.

त्याचं खरं हाय. मला ठावं हाय.

ती फळीवर निजलीया. केस घामानं कपाळाला चिकटल्यात. ल्हानपणी तापात असंच.

म्हस्कू म्हणतो, सांगा.

तोंड उघडलं. आलं न्हाय.

लॉरीचं मागलं दार वर घेतलं, कडी घातली. सर्जेरावला चालव म्हणलं. कुठं म्हणला. चालव म्हणलं. म्हस्कू माझा हात धरून पळत आला थोडा. मंग सुटला. द्वारका दारात — पोरीला घेऊन —

पूल गेला.

बोलली. माझी छबू बोलली. तिचाच आवाज, दमलेला. आबा, आला का दवाखाना?

सगळी गप झाली ऐकाय. गेणबा, साखरबाई, त्यो पोरगा. सगळी माझ्याकडं —

म्हणलं, न्हाय पोरी, अजून आला न्हाय.

लई लांब हाय का?

लांब हाय. तू निज. मी हाय.

सर्जेराव रडत रडत चालवतोय. पेट्रोल संपत आलं म्हणतो. कुठली तरी शीव आली. दगड हाय, शेंदूर लावलेला. थांबू नको म्हणलं त्याला, हितं थांबू नको —

हळू झाली लॉरी.

परत इचारतीया. सांगतो तिला. आत्ता सांगतो. पोरी, अजून